ठेवायचा की टाकायचा

"हा गेम ज्यानं बनवला त्यानं पुन्हा संगणकाला हात लावू नये," एल्दो म्हणाला. "ही माझी नम्र विनंती."

शमीर खिदळला. एल्दो काहीही बोलला की शमीर खिदळायचा. क्लबात त्याला दुसरं काम नव्हतं.

जिन्सीनं हेडफोन सारखा केला. रविवारची दुपार. सगळं त्रिशूर मासे-भात जेवून आडवं झालेलं आणि इकडे कोऱ्या चहाचं नाव लावलेल्या तिच्या 'कट्टन क्लब'ची महिन्याची ऑनलाइन बैठक पेटलेली. मोठ्या कंपन्यांचे नव्हे, एकट्यादुकट्यानं घरी बसून बनवलेले गेम महिनाभर खेळायचे आणि मग जमून त्यांवर बोलायचं, एवढाच हा क्लब. शेवटी एकेकानं 'ठेवायचा' किंवा 'टाकायचा' म्हणायचं. क्लबनं ठेवलेला गेम केरळभर आणि आखातातही लोक डोळे झाकून घ्यायचे. टाकलेल्याकडे कुणी ढुंकून पाहत नसे.

एक रीत जिन्सीनंच घातली होती. गेम बनवणारा स्वतः बैठकीत हजर असायचा, पण तो कोण ते फक्त गेम निवडणाऱ्या हरिताला ठाऊक. मतं पडली की तो आपणहून बोलायचा. आजवर दर वेळी तो बैठकीत नव्यानं आलेला माणूसच निघाला होता, त्यामुळे गुपित कसलं डोंबलाचं.

आज नवं नाव एकच होतं, ओणत्तुंबी. माइक बंद आणि फोटोच्या जागी, नावाप्रमाणेच, पंख पसरलेला एक चतुर. जिन्सीला त्या चतुराची कीव येत होती.

गेमचं नाव 'अक्करे', पलीकडचा काठ. नावाडी व्हायचं आणि माणसं खाडीपार न्यायची. शेवटची उतारू नावाड्याची आई असते, पण ती त्याला ओळखत नाही. बाळा, घरी कोण कोण असतं तुझ्या, असं विचारते. तिथे जिन्सीनं गेम थांबवला होता, कोट्टयमला आईला फोन लावला होता आणि काहीच कारण न सांगता रडली होती. इतका चांगला गेम क्लबात कधी आला नव्हता.

पण सकाळीच एल्दोचा निरोप आला होता. "आज काय होतं बघतो. मग राहायचं की सोडायचं ते ठरवतो." तो वेगळा क्लब काढणार ही कुजबुज तिच्या कानावर होतीच. तो गेला की निम्मी माणसं त्याच्या मागे जाणार. नोकरी सांभाळून, घरच्यांची बोलणी खाऊन उभा केलेला क्लब तिला असा फुटू द्यायचा नव्हता.

"वल्हं पाण्याला लागायच्या आधीच आवाज येतो," एल्दोनं पुन्हा सुरुवात केली. "कंदिलाची सावली भलतीकडे पडते. कुणाला दिसलं नाही? की झोपेत खेळलात सगळे?"

"शेवट बरा आहे, चेट्टा," एक मुलगी एल्दोला चाचरत म्हणाली.

"बरा म्हणजे? का बरा? नीट सांग."

"म्हणजे... तसा खास काही नाही."

"मग तसं बोल."

जिन्सीला त्याचा मनापासून राग आला. इतक्यात हरिताचा खासगी निरोप आला: "चेची, तुला जे वाटलं तेच बोल. प्लीज." हरिताला बोलायला काय जातंय, जिन्सीनं मनात म्हटलं. क्लब फुटला तर निस्तरणार कोण?

मतं सुरू झाली. शमीर, टाकायचा. ती चाचरणारी मुलगी, टाकायचा. पुढचे चारपाच जण त्याच ओळीत. मग चतुराच्या नावापुढे अक्षरं उमटली: ठेवायचा.

"अरे वा, आपलं कार्टं आपल्याला गोड," शमीर म्हणाला. सगळे हसले.

"घरचं मत मोजू नका," एल्दो म्हणाला. तो हसला नाही. "जिन्सी, आता तू. इथे तुझ्याइतकं गेममधलं कुणाला कळत नाही. खरं काय ते सांग."

हा टोमणा होता हे तिला कळलं. तिनं एकदा त्या चतुराकडे पाहिलं.

"कच्चं काम आहे," ती म्हणाली. "आणि तो आईचा प्रसंग... रडवायचं म्हणून रडवलंय. मला काहीच वाटलं नाही. टाकायचा."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मलाही तीच शंका होती," एल्दो म्हणाला. "टाकायचा. चला, मी निघतो."

त्याचं नाव पडद्यावरून गेलं. जिन्सीला हायसं वाटलं. भांडण नाही, फाटाफूट नाही, हवं ते ऐकून स्वारी खुशीत गेली. लाज वाटत होती, पण तिच्यावर उपाय होता. बैठक संपली की त्या चतुराला एकट्याला लिहायचं, सगळं खरं सांगायचं, अगदी आईच्या फोनासकट.

"आता ज्यांचा गेम आहे त्यांनी बोलावं," ती शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाली. "ओणत्तुंबी, बोला. राग मानू नका."

चतुराचा माइक सुरू झाला. पलीकडे एक बाई होती आणि तिला धाप लागली होती.

"माझा नाही हो तो. मी एल्दोची बायको. हे आपला गेम सगळा पुसून टाकायला बसलेत, आतून कडी लावलीय, माझं ऐकत नाहीत. तुमच्यात एकालाही तो आवडला असेल तर ह्यांना सांगा ना."