पंचफुलाचं मागणं

राजापेठेत डॉक्टर इफ्फत यांच्याकडे मूल होत नसलेल्या बाया लांबून येत. त्या दुपारी त्यांच्या रांगेत पन्नाशीची पंचफुलाही बसली होती. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, इथल्याच उपचारांनी तिला धम्मदीप झाला होता. यंदा सलग दुसऱ्या हंगामात सोयाबीन करपलं आणि त्या तरण्या पोरानं भातकुलीच्या शेतात जीव दिला. डॉक्टरांनी ते पेपरात वाचलं होतं.

लेकरू गमावलेल्या आया याआधीही पुन्हा मूल मागायला आल्या होत्या. या वयात ते होणार नाही, हे हिला कसं सांगावं, ते मनाशी जुळवत डॉक्टरांनी तिला आत बोलावलं आणि आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"पंचफुलाताई, आता तुमच्या शरीराला..."

"नाई जी, मले लेकरू नाई पायजे," ती म्हणाली. "घरी आता धम्मदीपचं नाव काढलं का सारे उठून जातेत."

डॉक्टरांनी तिची जुनी फाईल बंद करून बाजूला ठेवली.

"तुमी अन् मीच त्याले सगळ्यात आदी पायलं होतं ना, त्या सोनोग्राफीत? थोडा वेळ त्याच्याबद्दल बोलता का माह्यासंग?"