चटईवर कोण?

“शंख वाजला की हातातलं काम टाकून चटईवर बसायचं. प्रार्थना चुकवायची नाही,” असं वचन आईनं मरण्यापूर्वी दोघा भावंडांकडून घेतलं होतं.

वर्षभरानं लांगी राजधानी अपियाहून गावी आली, तेव्हा संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजत होता आणि घरातून आईच्याच आवाजात स्तोत्र ऐकू येत होतं. तिचे डोळे भरून आले.

आत टीव्ही एकटाच गात होता. धाकटा फेतू स्वयंपाकघरात कोंबडीची तंगडी चघळत बसला होता.

“ताई, टीव्ही घराच्या यंत्रणेला जोडलाय! शंखाच्या वेळी दिवे, पडदे, आईचं रेकॉर्डिंग, सगळं आपोआप. कोण प्रार्थना चुकवतंय ते बघत गावात फिरणाऱ्या पहारेकऱ्यांना वाटतं, मी प्रार्थनेलाच बसलोय.”

“मग जेवणही टीव्हीलाच वाढायचं होतंस,” लांगी हळूच म्हणाली.

तिनं टीव्हीची पिन उपसली आणि रिकाम्या चटईवर बसून स्तोत्र पहिल्या ओळीपासून सुरू केलं.