आगाऊ मासा

पुलाच्या खांबाला पाण्याखाली तडा गेला होता, पण रोबोला तो दिसतच नव्हता. दिवा लावला की गाळ चमकून पडदा पांढराफटक व्हायचा. त्यात एक आगाऊ मासा उजेडाला भुलून कॅमेऱ्यालाच तोंड लावून बसायचा.

“तडा केवढा आहे ते आज कळलं नाही, तर उद्यापासून पूल बंद,” साहेब म्हणाले.

रोबो चालवणारी ताई वैतागली. निदान मासा तरी टळावा म्हणून तिने दिवा कॅमेऱ्याजवळून काढून लांब दांडीला बांधला. मासा दिव्याकडे पळाला. उजेड बाजूने पडल्यामुळे गाळही चमकेना. तडा स्वच्छ दिसला, जेमतेम केसाएवढा.

“ही अक्कल कोणाची?” साहेब खूश होते.

“यांची,” म्हणत ताईने पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे एक शेपटी हलत होती.