चौथी पायरी

१९७१ साली आम्ही मळ्यातल्या जुन्या घराची ओसरी पाडून नवी बांधली. जुन्या तीन पायऱ्या उंच होत्या आणि मला सातवा महिना होता, म्हणून सुतारकाकांना मी चार बुटक्या पायऱ्या करायला सांगितल्या. सासूबाईंना दिसत नसे. तरी तीन पायऱ्या मोजून त्या कुणाचाही हात न धरता अंगणात उतरायच्या. काम चालू होतं तोवर त्या मागच्या दाराने ये-जा करत होत्या.

निघताना सुतारकाका म्हणाले, "वहिनी, आजींना सांगितलंत ना? नाहीतर माझ्या नावाने शंख करतील."

"सांगितलं," मी म्हटलं.

खरं तर तीन दिवस आमचा अबोला होता, भाजीत मीठ जास्त पडल्यावरून. सांगायचं म्हणजे आधी मी बोलायचं!

दुसऱ्या सकाळी सासूबाई पुढच्या दाराने निघाल्या. मी दारातच होते. हाक मारू की नको, एवढा विचार मी करेपर्यंत त्या तीन पायऱ्या मोजून निर्धास्त पुढे चालल्या आणि कोसळल्या. खुब्याचं हाड मोडलं. "मोजताना माझंच चुकलं," असं त्या येईल त्याला सांगत राहिल्या.

सुतारकाका पुढे मुलाकडे राहायला गेले. माझ्या यजमानांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांना मी शेवटपर्यंत काही सांगितलं नाही. सासूबाई सहा वर्षं अंथरुणावर काढून गेल्या. शेवटच्या आठवड्यात मी त्यांची वेणी घालत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "किती पायऱ्या आहेत गं?"

"चार."

"एवढंच बोलायचं होतंस," त्या म्हणाल्या, आणि डोकं पुन्हा माझ्या हातात दिलं.