वरचा सा

व्हायोलिन गुहेत वाजवलं, मालवाहू बोटीवर वाजवलं, बोटं कापलेले हातमोजे घालून बर्फातही वाजवलं. तीस वर्षांनी टाळ्यांचासुद्धा वीट आला. म्हणून शेवटचं वाजवायला मी गडचांदूरजवळची ही बंद पडलेली चुनखडीची खाण निवडली. ऐकायला एकटा राखणदार, मुखरूभाऊ. तो माझ्याकडे पाठ करून, खाली खाणीत बघत बसला होता.

भीमपलास घेतला. वरच्या ‘सा’पाशी अडले. दोन वर्षं झाली, करंगळी तिथं पोचतच नाही. पुरे झालं. गजाचे केस सैल केले, व्हायोलिन पेटीत ठेवलं, कड्या लावल्या.

तेवढ्यात खाली खाणीत गज आवळल्याची बारीक करकर झाली. मग तारा जुळल्या. मग भीमपलास सुरू झाला, मी सोडला होता तिथूनच.

"मुखरूभाऊ, खाली कोण आहे?"

त्यानं मान वळवली नाही. "खाली कोन राह्यते? तुम्हीच तं वाजवून राह्यल्या, फरहाबाई. थांबू नका, आता बराबर जमून राह्यलं."

खालून वरचा सा लागला, स्वच्छ.

करंगळी झोंबली म्हणून मी हात उघडून पाहिला. तिच्या टोकावर तारेचा ताजा वळ उमटत होता.