सिंकमधली स्कूटर

खरं स्वातंत्र्य कशाला म्हणतात, ते मला एकाहत्तराव्या वर्षी समजलं. स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये स्कूटरचे तेलकट भाग धुतले तरी कोणी ओरडत नाही. बायको गेल्यापासून हे स्वातंत्र्य घरात भरपूर आहे. संपता संपत नाही.

म्हणून जुनी स्कूटर पूर्ण खोलली. इंजिन हॉलमध्ये, नटबोल्ट पोळपाटावर. प्लास्टिकला पेट्रोल लावलं तर ते तडकतं, शिवाय घरात भडका उडायची भीती. त्यामुळे इंजिनच्या फॅनचं प्लास्टिकचं कव्हर कोमट पाण्यात, भांड्यांच्या साबणानं, मऊ ब्रशनं घासत होतो. मुलीचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा सिंकमधलं काळं पाणी तिला मुद्दाम दाखवलं.

"छान, बाबा. मन रमतंय ना?" ती म्हणाली. माझी घोर निराशा झाली.

तेवढ्यात समोरच्या निमकरबाई विरजण मागायला आल्या आणि सिंक पाहून त्यांचा आवाज चढला. "अहो, काही लाजबीज आहे की नाही? इथे भाज्या धुतात! आणि हा पोळपाट? वहिनी असत्या तर स्कूटरसकट बाहेर काढलं असतं तुम्हाला!"

"नक्कीच काढलं असतं," मी म्हणालो. कितीतरी महिन्यांनी घर घरासारखं वाटलं. डोळे भरून आले. त्याचं खापर साबणावर फोडलं.

मला वाटलं, आता बाई सांत्वन करणार. त्यांनी माझ्या हातातलं कव्हर घेतलं, उजेडात धरलं, त्यावर बोट फिरवून पाहिलं.

"आमचा एक्झॉस्ट फॅन तेवढा आणून देऊ का?"