शेवटची वाट

बदलापूर गावातल्या आमच्या शाळेत पाटकर गुरुजी दर शनिवारी शेवटच्या तासाला फळ्यावर कोडं घालायचे. जो सोडवेल तो सगळ्यांच्या आधी घरी. साल असेल त्र्याऐंशी. गुरुजींनी तीन घरं काढली, खाली तीन विहिरी काढल्या. प्रत्येक घरातून प्रत्येक विहिरीवर जायला वाट पाहिजे, पण एकही वाट दुसरीला छेदता कामा नये.

सगळा वर्ग फळ्यापाशी जाऊन आला. बाकीच्या वाटा निघायच्या, शेवटची एक मात्र अडायचीच.

"सुटणार नाही. हे कोडं कुणालाच सुटलेलं नाही," गुरुजी हसत म्हणाले.

बौद्धवाडीतली चांगुणा उभी राहिली. "आपल्या गावाला सुटलंय की, गुरुजी. एका घराला विहिरीवर येऊच द्यायचं नाही. माझी आई पाण्याला नदीवर जाते. कुणाची वाट छेदत नाही."

गुरुजींचं हसू गेलं. त्यांनी फळा पुसायला डस्टर उचललं.


ते पुसणार त्याआधीच चांगुणानं खडू घेतला, अडलेल्या घरापासून विहिरीपर्यंत, मधल्या सगळ्या वाटा छेदत, सरळ रेघ ओढली आणि दप्तर उचलून सगळ्यांच्या आधी घरी गेली.